बिब्याचे सात ठिपके

फोन अडीच वाजता येणार होता आणि सिहोऱ्यातलं बुराड्यांचं घर सकाळी नऊपासून त्याच्या तयारीला लागलं होतं.

पुढच्या खोलीतल्या खुंटीवर धानकापणीचे चार विळे अडकवलेले होते. भय्याजींनी ते काढायला लावले. जर्मनीतल्या सरकारी बाईला फोनमध्ये विळे दिसायला नकोत. मग त्यांना धानाची पोती खटकली. ती थोरल्या मुलाने, अंकुशने, मागच्या पडवीत नेऊन टाकली. मग भिंत फारच रिकामी दिसायला लागली म्हणून तिथे जर्मनीतल्या धाकट्याच्या, धनंजयच्या, लेकरांचा बर्फातला फोटो लावला. गुड्डी आणि मोनू, दोघं लाल टोप्या घालून हसत होती. आता घर लेकरांवर जीव असणाऱ्यांचं दिसत होतं. तसं ते होतंच, पण दिसायला फोटो लागला.

"इथं बस," भय्याजी बायकोला म्हणाले. "अन् पदर घे डोक्यावर."

"पदर पाहून सोडन का ते बाई?" सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पदर घेतला. त्यांच्या मांडीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांनी भरलेलं सूप होतं. त्या शेंगा सोलत होत्या.

दहा दिवसांपूर्वी तिकडे असं घडलं होतं. चार वर्षांच्या मोनूच्या अंगावर बालवाडीत रंगाचं पाणी सांडलं. बाईंनी सदरा बदलायला काढला आणि पोटावर बेंबीभोवती काळे, फुगलेले डाग पाहिले. भाजल्यासारखे. त्यांनी डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरने बालकल्याणाच्या कार्यालयाला कळवलं, आणि दुपारी धनंजय आणि त्याची बायको रेणू एका गोल टेबलाशी बसलेले होते. हे कोणी केलं, असं विचारलं गेलं. धनंजय म्हणाला, माझ्या आईने. ती तीन महिने आमच्याकडे होती, परवाच भारतात परत गेली.

कार्यालयाने ते लिहून घेतलं आणि म्हटलं, ठीक आहे, मग आम्ही आजींशी बोलू.

आजीने केलं असेल तर आजी समुद्रापार होती. तिला पुन्हा यायची परवानगी मिळणार नाही, एवढ्यावर भागणार होतं. आईने किंवा बापाने केलं असेल तर चौकशी पुरी होईपर्यंत दोन्ही लेकरं परक्या घरी ठेवता येत होती. कायदा तसा होता. धनंजयने तो रात्रभर वाचला होता आणि सकाळी सिहोऱ्याला फोन करून सांगितला होता.

"मंग पुन्हा एकदा," भय्याजी म्हणाले. तहसिलीत साक्षीदार उभे करण्याचा त्यांना जुना सराव होता. "कोणं लावला बिबा?"

"मी."

"कायले?"

"पोट दुखत होता पोराचा."

"मायबापाले मालूम होता का?"

"नाही. ते कामावर गेल्ते."

"आपल्याकडे हे चालते का?"

"आपल्याकडे तं सारंच चालते."

"असं नाही सांगाचं. सांग, हाव, जुना इलाज आहे, साऱ्यायले लावतात." भय्याजींनी सदरा वर केला. बरगडीखाली तीन पुसट काळे डाग होते, साठ वर्षांपूर्वीचे, ओळीत. "हे मायनं लावले. मेलो का मी?"

"बाबा, तिले पोट दाखवू नोका," अंकुश फोन टेकवायला धान मोजायची पितळेची पायली शोधत म्हणाला.

भय्याजींनी सदरा खाली घेतला. मग त्यांचा राग पुन्हा बायकोकडे वळला. "चाळीस वर्षं सांगून राहिलो, तुया हात लई चालते. तिकडे जाऊनही राह्यली नाही."

सत्यभामाबाईंनी शेंग सोलली.

त्यांनी बिबा लावलेला नव्हता. हे त्यांना माहीत होतं आणि धनंजयला माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मी नाही लावला रे बापा." तो म्हणाला, "मले मालूम आहे आई. पन तूच लावला." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. लावणारा हात धनंजय आणि रेणू या दोघांपैकी एकाचा होता. कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. कळून करायचं काय होतं? त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. भय्याजींना खरं कळलं असतं तर त्यांच्याने खोटं नीट वदवलं गेलं नसतं.

बिबा नेला मात्र त्यांनीच होता. अकरा बिबे, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून. तीन महिन्यांत ती चिंधी एकदाच बाहेर निघाली. मोनूचं पोट गच्च झालं होतं. तेव्हा सात वर्षांची गुड्डी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आजी, शाळेत आम्हाला पोहायला नेतात. सगळ्यांना दिसेल." गुड्डीचं मराठी पुस्तकातलं झालं होतं. आईबाप घरात तसंच बोलत, जाणूनबुजून. सत्यभामाबाईंनी चिंधी तांदळाच्या डब्यात ठेवून दिली. तेवढीच तांदळाला कीड लागणार नाही.

त्या पोरीला मोजायचं वेड होतं. चौथ्या मजल्यापर्यंत अडुसष्ट पायऱ्या होत्या, लिफ्ट नव्हती. वर जाताना ती तिकडच्या भाषेत मोजायची, उतरताना मराठीत. ट्राममध्ये कुत्रे मोजायची. मधेच चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आजीला तिने वीसपर्यंतचे आकडे शिकवले होते. सत्यभामाबाईंना त्या देशातलं दुसरं काहीच आलं नाही. रविवारी मिक्सर लावायचा नाही, काचेच्या बाटल्या वेगळ्या टाकायच्या, जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही, हे त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. आकडे मात्र राहिले.

आज खोटं बोलल्या की त्या पायऱ्या संपल्या.

साडेअकराला दारात ऑटो थांबला. रेणूची आई, शोभाताई, मोहाडीहून आल्या होत्या. आठ वर्षांत या घरात त्यांचा पाय दुसऱ्यांदा पडत होता. कोष्ट्याची पोरगी सून म्हणून आली तेव्हा भय्याजींनी लग्नात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मोहाडीची माणसं ते विसरली नव्हती. आज भय्याजींनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

"या इहीनबाई. जेवण झाला का?"

"जेवणाचं काय घेऊन बसले भय्याजी. घास उतरते का?" शोभाताईंनी पिशवीतून कोशाची रेशमी साडी काढून सत्यभामाबाईंच्या शेजारी ठेवली. घरच्या मागावरची, हळदी रंगाची. "तुमच्यासाठी. केव्हाची द्याची होती."

सत्यभामाबाईंनी साडीकडे पाहिलं. आठ वर्षं द्यायची राहिलेली साडी आजच का आली, हे न कळायला त्या काही लहान नव्हत्या.

"लई उपकार होतील तुमचे," शोभाताई म्हणाल्या. "तुमी सांगतान तं लेकरं वाचतील."

"माये नातू आहेत ते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उपकार कायचे?"

खुशबू, अंकुशची बायको, हे स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती सिहोऱ्याची आशाताई होती. घरोघरी जाऊन लेकरांची वजनं घ्यायची, गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं आणि म्हाताऱ्यांना सांगायचं की लेकराच्या पोटावर बिबा लावू नका, कातडं जळतं. यंदा तिच्या रजिस्टरमध्ये बिब्याने भाजलेल्या चार लेकरांची नावं होती. मोनू पाचवा. तीन दिवसांपूर्वी अंकुश तिला म्हणाला होता, तू आशा आहेस, लिहून दे की हा गावचा इलाज आहे, काही होत नाही. ती म्हणाली, "मंग त्या चार घरी जाऊन मी काय सांगू?" तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं भाजीत मीठ आहे का एवढ्यावर आलं होतं.

शोभाताई पाणी प्यायला आत आल्या. खुशबूने त्यांच्या हातात गिलास दिला आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला. पडद्यावर मोनूचं पोट होतं.

"मोजा," खुशबू म्हणाली.

"चष्मा नाही आणला बाई."

"सात आहेत. बेंबीभोवती गोल." ती आवाज न चढवता बोलत होती, एखादीला लोहाच्या गोळ्या समजावून द्याव्यात तशी. "आमच्या घरी तीन लावतात, बरगडीखाली, आडवे. बाबाजीच्या पोटावर तीन, अंकुशच्या पोटावर तीन. आईचा हात दुसरं काही लावतच नाही. गोल सात मी एकाच जागी पाह्यले. गुड्डी झाली तेव्हा दवाखान्यात रेणूजवळ मी होती. रेणूच्या पोटावर."

शोभाताईंनी गिलास ओट्यावर ठेवला. त्यांना आधी राग आला. मग आपण कुठे आहोत हे आठवलं. या घरात आपली पोरगी पाहुण्यासारखी नांदली आणि आता ही थोरली तिचं पोट मोजते. पण दहा दिवस ही गोष्ट त्यांच्याही छातीवर होती, आणि समोर विचारणारं पहिलं माणूस उभं होतं.

"शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला," त्या म्हणाल्या. "पोरगा दोन दिवसांपासून रडत होता. डॉक्टरनं सांगितला, पाणी पाजा, वाट पाहा. मंग शनिवार. तिकडे शनिवारी सारं बंद. तुमची सासू आदल्याच दिवशी निघाली होती. जावई कामावर, पोरगी एकटी. म्हणे, मम्मी काय करू. मी म्हटला, आहे का बिबा घरी?"

"अन् तांदळात सापडला."

"तुले काय मालूम?"

"आईची जागा आहे ते. मंग?"

"रॉकेलची चिमणी कुठली तिच्याकडे. बिबा तापवाले वाढदिवसाची मेणबत्ती लावली. वरचं धुराचं यंत्र बोंबललं. शेजारचा म्हातारा दार ठोकाले आला. त्याले कसातरी परत पाठवला अन् मी सांगत गेली, तशी ते लावत गेली. सुई पातळ नव्हती, स्वेटराची होती. म्हणून मोठे झाले." शोभाताईंनी पदराने नाक पुसलं. "पन रात्री झोपला पोरगा. खोटं नाही सांगत. झोपला."

"व्हिडिओ कॉल होता ना? रेणूचे दोन्ही हात गुंतलेले. फोन कोणं धरला होता?"

"गुड्डीनं."

खुशबूने फोन ओट्यावर ठेवला. "गुड्डीले विचारलं असन तं त्या ऑफिसवाल्यायनं?"

"लेकराचं कोण ऐकते?" शोभाताई म्हणाल्या.

"आता बाहेर जाऊन हे सांगा. त्या बाईले. बिबा अडाणीपणा आहे, खोटं बोलणं अडाणीपणा नाही. ते बाई दोन्ही वेगळं लिहिन."

"माया पोरीचे लेकरं नेतील खुशबू. तुया सासूचं काय जाते? ते तं इथंच राहते."

"तिचं जाणं बंद होईल."

"होऊ दे. मी तं एकदाही नाही गेली. मले कोणं बोलावलं?"

हे तोंडून निघून गेल्यावर शोभाताईंना वाटलं, निघायला नको होतं. पण ते खरं होतं. तीन वर्षांत एक तिकीट सिहोऱ्याला आलं, मोहाडीला नाही.

खुशबू बाहेर आली. सासूजवळ खाली बसली. "आई, एक डाव फोटो पाहून घ्या."

"नोको दाखवू. माया जीव होत नाही." गेले दहा दिवस सत्यभामाबाईंचं हेच उत्तर होतं.

आकडा तोंडाने सांगता आला असता. सात, गोल. दोन शब्द. पण मग सासूने ते पाठ करून म्हटलं असतं. खुशबूला ते खोटं दुरुस्त करून द्यायचं नव्हतं.

तिला आणखी एक गोष्ट आठवत होती आणि ती आठवायला नको होती. ऑगस्टमध्ये सासूची बॅग तिनेच भरली होती. कुरड्यांच्या खाली ती चिंधी लागली होती. तिने काढून बाजूला ठेवली, सासूने पुन्हा आत ठेवली. तेव्हा खुशबूने भांडायला हवं होतं, दुसऱ्यांच्या घरी भांडत होती तसं. तिच्या मनात आलं, जाऊ दे. तिकडे एमएस्सी झालेली जाऊ आहे, ती निस्तरेल. आणि तिने बॅगेची चेन लावली.

"वेळ झाली," भय्याजी म्हणाले. "बसा साऱ्या. खुशबू, तू मागे."

पडद्यावर आधी धनंजय दिसला. दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या शेजारी रेणू. दोघं टेबलाच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या केसांची एक बाई, हातात कप. तिच्या शेजारी दुभाषी. दुभाषी पुण्याकडची होती, हे तिच्या पहिल्या वाक्याला कळलं.

"नमस्कार आजी. तुम्ही जे बोलाल ते मी जसंच्या तसं सांगेन. खोलीत दुसरं कोणी बोललं तरी तेही सांगावं लागेल. चालेल?"

"चालन."

रेणू टेबलाकडे पाहत होती. या खोलीत ती आज चौथ्यांदा बसली होती. पहिल्या वर्षी याच टेबलाशी तिने बालवाडीचा अर्ज भरला होता आणि पांढऱ्या केसांची बाई तिला म्हणाली होती, तुम्ही लवकर शिकताय. शिकली होतीच. डॉक्टर वाट पाहा म्हणाला की वाट पाहायची, हेही शिकली होती. दोन दिवस पाहिली. रडणारं लेकरू मांडीवर घेऊन कोणत्या शिकलेल्या गोष्टीचा उपयोग होतो, हे तिला शनिवारी सापडलं नाही. तिला आईचा नंबर सापडला. रात्रीच तिने धनंजयला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, तू काही बोलू नको, मी पाहतो. ती बोलली नव्हती.

"बिब्बा म्हणजे काय, ते बाईंना सांगाल का आजी?"

"बिबा म्हणजे बिबाच. झाडाले लागते. आमच्या जंगलात लई."

दुभाषी अडली. मग तिने धोबी कपड्यावर खूण करायला वापरतात त्या फळाचं काहीतरी सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाईने लिहिलं. कपड्यांवर खूण करायची शाई तापवून लेकराच्या पोटावर लावली, असं त्या कागदावर उमटलं असणार. ते चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही.

"कोणी लावला?"

"मी."

भय्याजींनी मान हलवली. शोभाताईंनी डोळे मिटले.

"कधी?"

"निघाच्या आदल्या दिवशी. गुरुवारी."

"मुलाच्या आईवडिलांना माहीत होतं?"

"नाही. ते कामावर गेल्ते."

पाठ केलेलं सगळं बरोबर येत होतं. तेवढ्यात बाईने काहीतरी छोटं विचारलं, कपातून घोट घेता घेता.

"किती ठिपके लावले आजी?"

हे कोणी पढवलं नव्हतं. सत्यभामाबाईंना पढवायची गरजही नव्हती. हे उत्तर त्यांच्या हातातच होतं, सासूने शिकवलेलं, दोन मुलांवर आणि भावकीतल्या कित्येक लेकरांवर वापरलेलं.

"तीन," त्या म्हणाल्या. "बरगडीखाली. आडवे." आणि लुगड्यावरून स्वतःच्या पोटावर बोटाने दाखवले. एक, दोन, तीन.

बाईने फाईलमधून कागद काढून दुभाषीपुढे सरकवला. दुभाषीचा आवाज खाली आला. "आजी, फोटोत सात आहेत. नाभीभोवती."

मागे कोणाच्या तरी धानाच्या बांधीत मळणीचं यंत्र चालू होतं.

"सातच होते," भय्याजी बाजूने म्हणाले. "भुलली ते. वय झाला."

"दोन डाव लावला असन," अंकुश म्हणाला. "आधी तीन, मंग चार."

दुभाषीने दोन्ही वाक्यं सांगितली. बाई सत्यभामाबाईंकडे पाहत राहिली, आणि सत्यभामाबाई शोभाताईंकडे. शोभाताई फरशीकडे पाहत होत्या. गोल सात कोणाच्या हातचे, हे सत्यभामाबाईंना त्या क्षणी कळलं.

खुशबू मागून उठली आणि पायलीला टेकलेला फोन तिने उचलून घेतला.

"नमस्कार. मी खुशबू अंकुश बुराडे. या गावची आशा, म्हणजे सरकारी आरोग्याचं काम करते." मीटिंगमधलं मराठी तिला दोनच वाक्यं पुरलं. "बिबा आईनं नाही लावला. रेणूनं लावला. आईनं फक्त नेला होता. रेणूच्या आईनं फोनवर सांगितला तसा तिनं लावला. आमच्याकडे पोट दुखलं तं करतात, लेकराले त्रास द्याले नाही करत. चूकच आहे. मी रोज घरोघरी सांगते नोका करू म्हणून, अन् माझ्याच घरात झालं. पन रेणू लेकराले मारणारी बाई नाही. दोन दिवस पोरगा रडला, दवाखाना बंद, तिनं लहानपणी पाह्यलं ते केलं. अन् आईले खोटं सांगाले आमी साऱ्यायनं बसवलं."

"खुशबू, बंद कर फोन," अंकुश म्हणाला. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

दुभाषीने सगळं सांगितलं. बंद कर फोन, हेही सांगितलं.

बॅगेच्या चेनचं खुशबू बोलली नाही.

पडद्यावर रेणूने पहिल्यांदा मान वर केली. ती थेट त्या बाईच्या भाषेत बोलली, दोन-तीन वाक्यं, अडखळत. धनंजयने तिच्या हातावर हात ठेवला, थांबवायला. तिने हात काढून घेतला. काय बोलली ते सिहोऱ्यात कोणाला कळलं नाही आणि दुभाषीने ते उलट फिरवून सांगितलं नाही.

मग पांढऱ्या केसांची बाई बोलली. बराच वेळ.

"त्या म्हणतात," दुभाषी म्हणाली, "हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मुलीला विचारलं होतं. मुलीने मेणबत्तीचं सांगितलं, अलार्मचं सांगितलं, फोन आपण धरला होता हेही सांगितलं. ठिपके मोजून सांगितले. त्यांना हे मोठ्यांकडून ऐकायचं होतं. श्री. धनंजय यांना तीन वेळा संधी दिली."

धनंजय कागद सरळ करत होता. कागद सरळच होते.

"मुलं घरीच राहतील. दर मंगळवारी आमची एक व्यक्ती घरी येईल, सहा महिने. दोघा पालकांना शिकवणीला बसावं लागेल. त्या म्हणतात, नुसत्या बिब्ब्यासाठी एक बैठक पुरली असती. घरातल्या मोठ्यांनी मिळून खोटं सांगितलं, म्हणून फाईल उघडी राहील. आजींच्या पुढच्या व्हिसाच्या वेळी ती पाहिली जाईल."

फोन बंद झाला.

सगळ्यात आधी शोभाताई उठल्या. "माया नाव कायले घेतला?" त्या खुशबूला म्हणाल्या.

"तुमी नाही घेतला म्हणून."

"लेकरं घरीच आहेत ना? मंग झालं. कोणाच्या तोंडाला काळं फासलं तं फासलं." त्या चहा न घेता निघाल्या. साडी खुर्चीजवळ राहिली. अंकुश त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेला, आणि ज्या माणसांना तो आठ वर्षं कोष्टी म्हणत आला होता त्यांच्याजवळ त्याने दारात स्वतःच्या बायकोबद्दल माफी मागितली.

भय्याजी खाटेवर बसले. सकाळी बाहेर काढलेली खाट अजून अंगणातच होती. "फाईल उघडी राह्यली तुयामुळे," ते खुशबूला म्हणाले.

"बाबाजी, तिले आधीच मालूम होता."

"तिले मालूम असणं वेगळं. आपण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं." हे ते मनापासून बोलत होते. या घराला खऱ्याचं वावडं नव्हतं. खरं सगळ्यांना माहीत असावं आणि कोणी बोलू नये, एवढाच इथला नियम होता. तो भय्याजींच्या बापानेही पाळला होता.

सत्यभामाबाईंनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. खुशबू समोर बसून सोलायला लागली. निम्म्या शेंगा झाल्यावर सासू बोलली.

"तुले मालूम होता सात आहेत म्हणून."

"हाव."

"मंग मले काहून नाही सांगितला?"

"फोटो दाखवत होती मी."

"फोटो राहू दे. आकडा तं सांगतीस."

खुशबूने पुढची शेंग उचलली.

"साऱ्यायसमोर माया तोंडून तीन निघाला," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून खुशबूला ते जास्त लागलं. "बॅगेत चिंधी तुनं पाह्यली होती. तेव्हा भांडली असतीस तं मी काढली असती."

"चेन मीच लावली आई."

"मालूम आहे मले."

दोघींनी शेंगा सोलल्या. अंकुश परत आला, विळे खुंटीवर लावून ठेवले, पोती आत आणली. बर्फातला फोटो कोणी काढला नाही.

साडेपाचला खुशबूच्या फोनवर रेणूच्या नंबरवरून आवाजाचा निरोप आला. खुशबूने तो लावला. आवाज गुड्डीचा होता, आणि फोनचा स्पीकर मोठा होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"मोठीआई, मी गुड्डी. मी आत्ता शाळेतून आले. मम्मी रडते आहे आणि पप्पा तिच्याशी बोलत नाहीत. पप्पा म्हणाले, आजीने तीन सांगितले. मी त्या बाईंना सात सांगितले होते. मोनू झोपलाय, तर मी त्याचा सदरा वर करून पुन्हा मोजले. सातच येतात. मी चुकीचं मोजते आहे का? आजीला विचारून सांग."

अंगणात भय्याजी खाटेवरून म्हणाले, "सांग तिले, असं बाहेरच्या लोकायले घरचं सांगाचं नसते. आतापासून शिकवा लागते."

खुशबूने फोन सासूपुढे धरला. सत्यभामाबाईंनी हात लुगड्याला पुसले. कुठे दाबायचं ते गुड्डीनेच त्यांना शिकवलं होतं.

"नाही बेटा," त्या म्हणाल्या. "सात आहेत. तू बराबर मोजले. आजी चुकली."

मग बोट उचललं, आणि निरोप गेला.